महादूशेठांचा घरगुती समुद्र

माणसाच्या प्रतिष्ठेला घरात बसायला जागा लागते, आणि ती जागा म्हणजे हॉल. स्वयंपाकघरात भूक बसते, देवघरात देव बसतात, झोपायच्या खोलीत गुडघेदुखी बसते. प्रतिष्ठा मात्र हॉलमध्येच बसते. तिला नुसता सोफा पुरत नाही. घरातल्या कोणाच्याही उपयोगाची नसलेली आणि बाहेरच्या प्रत्येकाला थांबून पाहावीच लागेल अशी एखादी वस्तू तिला शेजारी लागते. भिवंडी तालुक्यात, खाडीकाठच्या गावांमध्ये, हे शास्त्र फार पुढे गेलेले आहे. तिथे एके काळी सागवानी झोपाळ्यावर भागत असे. पुढे भातखाचरांवर गोदामांचे पत्रे चढले, तशी झुंबरे आली. झुंबरांच्या पाठोपाठ काचेची लिफ्ट आली. (लिफ्ट हॉलमधून निघते आणि हॉलच्या वरच्या मजल्यावर पोहोचते. तिथे कोणाचेच काही काम नसते, म्हणून ती लगेच खाली येते.)

महादूशेठ केणे यांच्याकडे झोपाळा, झुंबर आणि लिफ्ट असा तिन्ही पिढ्यांचा साठा होता. शिवाय शर्यतीत जिंकलेला एक भलामोठा चषक होता आणि तो जिंकून देणारा बैल होता. मानकोलीला त्यांच्या नावावर गोदामाचे गाळे होते. स्वभावाने ते समाधानी होते, आणि दामू तरेच्या पुतण्याच्या हळदीला जाईपर्यंत त्यांचे समाधान शाबूत होते.

दामू तरे हा महादूशेठांचा साडू. त्याच्या हॉलमध्ये, हळदीच्या मांडवाला लागूनच, काचेची एक लांबलचक टाकी उभी होती. आत निळा प्रकाश होता, फुलांसारखी हलणारी प्रवाळे होती आणि त्यांच्यामधून नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे मासे फिरत होते. पाहुण्यांनी ताटे हातात घेऊन नवरदेवाकडे पाठ केली होती. हळद लावणाऱ्या बायकाही मान वळवून हळद लावत होत्या. त्यामुळे बरीचशी हळद नवरदेवाच्या मामाला लागली.

"समुद्र हाय, साडू," दामू अगदी सहज सांगावे तसे म्हणाला. "घरचा."

महादूशेठ गाडीत बसून परत निघाले. घराच्या वळणावर आल्यावर ते म्हणाले, "आपल्याकडं न्हाय."

"काय न्हाय?" त्यांची बायको कमळाने विचारले.

"समुद्र."

"अवो, आपल्या घरामागं आख्खी खाडी हाय."

"ती मागं हाय, कमळे," महादूशेठ म्हणाले. "मना पुढं पायजे."

ठाण्याहून ऋतिका नावाच्या सल्लागार बाईंना बोलावण्यात आले. घरोघरी समुद्र बसवून देणे हा त्यांचा व्यवसाय. त्यांनी हॉल मापला, फरशीवर टाच आपटून पाहिली, आणि लिफ्ट काढावी लागेल असे सांगितले. लिफ्ट काढली. वर अडकून पडेल असे कोणी कधी वर गेलेलेच नव्हते, त्यामुळे अडचण आली नाही.

मागच्या खिडकीतून खाडी दिसत होती. त्या दिवशी ती जांभळी होती. (वरच्या अंगाला कापड रंगते. खाडीच्या रंगावरून यंदा कोणत्या रंगाच्या साड्या चालणार, हे गावाला बाजाराच्या आधी कळते.) महादूशेठांनी नम्रपणे विचारले, "मॅडम, ह्येच पानी भरलं तर? खारंच हाय."

"नाही काका," ऋतिका म्हणाल्या. "ते ओरिजिनल आहे. चालणार नाही."

मग समुद्र तयार करण्याची योग्य पद्धत समजावून देण्यात आली. टँकरचे पाणी घ्यायचे. ते यंत्रातून गाळून, त्यात काहीही उरणार नाही असे करायचे. असे कशातच नसलेले पाणी हाती आले की त्यात परदेशातून आलेले मीठ घालायचे आणि ते समुद्राइतके खारट झाले की नाही हे नळीने मोजायचे. महादूशेठांच्या आज्याने मिठागरात तळपाय चिरून घेत पाण्यातून मीठ काढले होते. नातू आता एसीत बसून ते पाण्यात परत घालत होता. मधल्या पिढीने मीठ फक्त कालवणात घातले. तिच्याबद्दल सांगण्यासारखे काही नाही.

पाण्यानंतर दगड आले. पडघ्याकडून रोज खडीचे ट्रक महादूशेठांच्या दारावरून जातात. पण ते दगड मेलेले. समुद्राला जिवंत दगड लागतात. त्यांच्या बारीक छिद्रांमध्ये जंतू राहतात आणि ते पाणी स्वच्छ ठेवतात. दगड जिवंत आहेत हे ऐकताच महादूशेठांच्या आई गुणाबाईंनी पदर डोक्यावर घेतला आणि सगळ्यात उभ्या दगडाला कुंकू लावले. ते पाणी फेकून द्यावे लागले. दुसरा समुद्र घालण्यात आला.

यानंतर पाणी पिकायला ठेवतात. या काळात टाकीत मासा सोडत नाहीत. पाणी आणि दगड नुसते एकमेकांची सवय करून घेतात. तोवर समुद्राची बातमी गावभर झाली होती, आणि लोक येऊन खुर्च्यांवर बसू लागले.

"मासं कुठं हायत?" ते विचारीत.

"पानी पिकतंय," महादूशेठ सांगत.

लोक मान डोलावत आणि पाण्याकडे पाहत. एका माजी सरपंचांनी चहा होईपर्यंत पाहिले आणि "छान आहे" असा अभिप्राय दिला. काय छान आहे, हे त्यांना विचारण्याचे धाडस कोणाला झाले नाही.

मग एके दिवशी मासे आले. प्राणवायू भरलेल्या पिशव्यांतून त्यांना एकदम पाण्यात सोडत नाहीत. नव्या पाण्याची सवय व्हावी म्हणून ते त्यांच्या पिशवीत थेंबथेंब मिसळतात. (सासरच्या पाण्याशी इतकी हळुवार ओळख केणे कुटुंबात त्याआधी कोणाचीही करून देण्यात आली नव्हती.) गुणाबाईंनी भिवंडीच्या बाजारात टोपलीमागे बसून मासळी विकली होती. त्यांनी जुन्या सवयीने पाण्यात हात घातला, एका निळ्या माशाला बोटांनी दाबून पाहिले आणि निकाल दिला, "ताजा हाय, पन कालवनाला न्हाय पुरायचा." मासा दगडामागे गेला आणि बरेच दिवस बाहेर आला नाही. गुणाबाईंच्या हाताला टाकीबंदी झाली.

आता समुद्र म्हटला की शिस्त आली. घरात अगरबत्ती बंद झाली, मच्छरची कॉइल बंद झाली, फिनेल बंद झाले. यांचा वास पाण्याला लागतो आणि पाण्याचा माशांना. देवांना नुसत्या फुलांवर राहायला सांगितले. महादूशेठांनी खोबरेल तेल सोडले, कारण तेलकट हात प्रवाळांना मानवत नाही. तळणाचा धूर हॉलमध्ये यायचा, म्हणून कमळाची शेगडी मागच्या पडवीत गेली. फ्रीजरमधली तिची कोलंबी बाहेर आली आणि माशांच्या जेवणाची कोलंबी आत गेली. ती दूर देशाहून, बर्फाच्या वड्यांमध्ये थिजून आली होती. गुणाबाईंनी ती डोळ्यांजवळ धरून पाहिली आणि असला बारीक माल आपण मांजरासमोर टाकला असता असे त्या म्हणाल्या; पण तेव्हा ऐकायला मांजरही नव्हते. टाकीवर उडी मारण्याच्या संशयावरून त्याची रवानगी आधीच गणेशपुरीला झाली होती.

सगळ्यात बिकट प्रश्न उष्णतेचा. प्रवाळांना पाणी गार लागते, आणि भिवंडीचा उन्हाळा कोणाचे ऐकत नाही. म्हणून पाणी गार करणारे यंत्र आणले. ते पाण्यातली उष्णता काढून हॉलमध्ये सोडते. त्याने हॉल तापतो आणि हॉलमुळे पाणी तापते. म्हणून हॉलला मोठा एसी बसवला. एसी हॉलची उष्णता मागच्या पडवीत सोडतो. पडवीत कमळा भाकऱ्या थापत होती. अशा रीतीने समुद्रातली सर्व उष्णता शेवटी कमळापर्यंत व्यवस्थित पोहोचत असे आणि वाटेत कुठेही वाया जात नसे.

 आधी कमळा यावर भांडी आपटत होती. मग आपटेनाशी झाली. महादूशेठांना वाटले, तिलाही सवय झाली.

मग मे महिना लागला आणि वीज जाऊ लागली. ती सकाळी जाई, दुपारी जाई, कधी येताना दिसे आणि दारातूनच परत जाई. महादूशेठांचा मुलगा मनोज गोदामांचे काम पाही. त्याने जनरेटर लावला, भार मोजला आणि बापासमोर येऊन उभा राहिला.

"पप्पा, जनरेटरवर एक तर समुद्र चालंल, न्हायतर आपण."

असा प्रश्न पुढे आला की सुज्ञ माणूस दोन्ही बाजूंचा विचार करतो. महादूशेठांनी तो केला. पंखा बंद पडला तर माणूस बाहेर जाऊन बसू शकतो. माशाला ती सोय नाही. माणसाला पुठ्ठ्याने वारा घेता येतो. प्रवाळाला हातच नसतात. सगळा तर्क एकाच दिशेने जात होता आणि त्यात बोट ठेवायला जागा नव्हती. मानकोलीचा एक गाळा भाडेकरू गेल्याने रिकामा होता. छप्पर उंच, वर वाऱ्यानेच फिरणारे पंखे, स्वतंत्र मीटर. कुटुंबाने तात्पुरते तिकडे राहावे असे ठरले. लाकडी पॅलेटवर गाद्या पडल्या. जिथे बाकीचे लोक साबणाचे खोके आणि टीव्ही साठवतात, तिथे केणे कुटुंब साठवण्यात आले.

महादूशेठ मात्र बंगल्यातच राहिले. समुद्राला एकटे सोडता येत नाही.

गाळ्यात गेल्यावर एक अनपेक्षित गोष्ट घडली. कमळा हसू लागली. तिने दारात शेगडी मांडली आणि बोंबील तळायला घेतले; वास शेजारच्या गाळ्यांत गेला, आणि दुपारी हमाल आणि ड्रायव्हर आपापली ताटे घेऊन येऊ लागले. "चाची, आज भी बोंबिल?" ते विचारीत, आणि कमळा त्यांना वाढता वाढता ओरडे, "आज भी, कल भी, परसो भी!" गुणाबाई पॅलेटवर मांडी घालून वजनकाट्याकडे पाहत बसत; बाजारात बसल्यासारखे त्यांना बरे वाटे. महादूशेठ दुपारी तिकडे जेवायला जात. जेवून परत येताना अंगाला मासळीचा वास लागे, म्हणून समुद्रासमोर जाण्याआधी ते आंघोळ करीत. माशांना माशांचा वास चालत नाही.

ते एका माणसाची वाट पाहत होते. सगळा गाव येऊन गेला होता, पण ज्याच्यासाठी समुद्र घातला तो दामू अजून आला नव्हता. शेवटी एका रविवारी तो बायकोला, म्हणजे कमळाच्या बहिणीला, तुळजाला घेऊन आला. टाकीसमोर उभा राहून त्याने बराच वेळ पाहिले.

"खरं हायत?" त्याने विचारले.

"काय?"

"मासं."

"म्हंजे?" महादूशेठ म्हणाले. "तुज्याकडलं?"

"ते कवाच काडलं. नको तो ताप. त्याच काचंमागं टीव्ही लावलाय, साडू. मासं पेनड्राइव्हमदी हायत. लाइट गेली तरी मरत न्हायत, नुसतं थांबतात."

"बुडबुड्यांचा आवाज पन येतो," तुळजा कौतुकाने म्हणाली.

"तू पन तसंच कर," जाताना दामूने सल्ला दिला. "काच तीच ठेव."

दामूची गाडी वळणापलीकडे गेल्यावर महादूशेठ हॉलमध्ये येऊन बसले. ज्याला दाखवायचे होते त्याला दाखवून झाले होते, आणि तो हरवता येईल अशा जागी उरलाच नव्हता. आता मासे विकून पेनड्राइव्ह आणायला हरकत नव्हती. तेवढ्यात नारिंगी मासा पोहत काचेपाशी आला आणि त्यांच्या नाकासमोर थांबला. तो रोज थांबत असे. त्याला खायला हवे होते, दुसरे काही नाही, हे महादूशेठांना माहीत होते. तरी त्या रिकाम्या बंगल्यात त्यांच्यासाठी थांबणारे दुसरे कोणी नव्हते, हेही माहीत होते. त्यांनी कोलंबीची वडी फोडली.

त्याच आठवड्यात, एका रणरणत्या दुपारी, वीज गेली आणि पाठोपाठ जनरेटरमधून जळका वास येऊन तोही बंद पडला. पाण्याचा आवाज थांबला. इतक्या महिन्यांत महादूशेठांनी ती शांतता कधी ऐकली नव्हती. मासे वर येऊन तोंडे उघडू-मिटू लागले. मिस्त्री आणायला मनोज कल्याणला गेला होता. महादूशेठांनी ऋतिका मॅडमना फोन लावला.

"काका, गारव्याचं नंतर बघू, आधी हवा! भांड्याने पाणी उचला आणि वरून ओता. थांबू नका. आणि तांब्याचं, पितळेचं काही वापरू नका, विष होईल!"

घरातली सगळी साधी भांडी कमळाबरोबर मानकोलीला गेली होती. उरला होता पितळी चषक आणि देवांचा तांब्या. महादूशेठांनी माशांच्या औषधाच्या बाटलीच्या झाकणाने पाणी उचलून ओतायला सुरुवात केली. समुद्र फार मोठा होता आणि झाकण फार लहान. त्यांनी दुसऱ्या हाताने फोन लावला.

"कमळे, भांडं घेऊन ये! लवकर!"

कमळा रिक्षाने आली. तिच्या हातात भांडे होते. त्यात बोंबलाचे कालवण होते.

"भूक लागली वाटलं," ती म्हणाली. मग तिने टाकी पाहिली, नवऱ्याचे घामाने निथळणारे अंग पाहिले आणि त्याच्या हातातले झाकण पाहिले. कालवण खाली ठेवून ती पडवीत गेली आणि तिथे राहून गेलेली, तांदूळ मोजायची प्लास्टिकची दोन मापे धुऊन घेऊन आली.

टाकीच्या दोन टोकांना दोन स्टुलांवर बसून नवरा-बायको समुद्र उपसू लागले. पाणी उचलायचे, वरून धार सोडायची, पुन्हा उचलायचे. हॉल भट्टीसारखा तापला होता. 

"नवीन लगीन झाल्यावर तुमची होडी गळत व्हती," कमळा म्हणाली. "तवा असंच उपसलं व्हतं."

"मंग?"

"तवा पानी भाइर टाकायचं व्हतं. आता पान्यातलं पान्यातच."

महादूशेठांना हसू आले आणि धार चुकली. त्यांनी माप पुन्हा भरले.

"तुना तिकडं गोड वाटतं ना?" त्यांनी विचारले.

"वाटतं."

"मना इकडं न्हाय वाटत."

"मंग चला तिकडं."

"ह्यांचं काय?"

कमळाने पाण्यात पाहिले. नारिंगी मासा तिच्या धारेखाली येऊन उभा होता. "ह्यांना कुनी इचारलं व्हतं का, इकडं यायचं का म्हनून?"

महादूशेठांनी माप काठावर टेकवले. मग म्हणाले, "तुना तरी कुठं इचारलं, तिकडं जाशील का म्हनून?"

"म्हनून तर उपसतंय," कमळा म्हणाली आणि तिने माप पुन्हा पाण्यात बुडवले.

ऊन उतरताना वीज आली. यंत्रांनी एकदम श्वास घेतला आणि निळा प्रकाश पसरला. दोघांचे खांदे उचलत नव्हते. त्यांनी तिथेच, टाकीसमोर फरशीवर बसून, बोंबलाचे कालवण खाल्ले. कोणी आंघोळ केली नाही.

हानी फार झाली नाही. तळाशी, माशांबरोबर आलेला एक झिंगा मेलेला सापडला. महादूशेठांनी तो ओंजळीत घेतला, आणि बाराव्याला कोणाला बोलवावे असा विचार त्यांच्या मनात येऊन गेला. ऋतिका मॅडमनी फोटो पाहून कळवले की ती नुसती टाकलेली कात आहे. झिंगा दगडामागे नव्या अंगाने बसलेला असेल. तो तिथेच होता.

त्यानंतर महादूशेठ मानकोलीला राहायला गेले. मासे विकण्याचा विषय कमळानेच काढू दिला नाही. बंगला रीतसर समुद्राला देण्यात आला. दुसरा जनरेटर बसवला, वॉचमन ठेवला, दारात हात धुवायला नळ लावला, आणि पाहायला यायची वेळ ठरवून पाटी लावली. शाळेच्या सहली येऊ लागल्या. महादूशेठ आणि कमळा अधूनमधून येतात, रांगेत उभे राहतात, वॉचमनने सांगितले की हात धुतात आणि पाहून परत जातात. त्याने ओळख दाखवली तर कमळाला ते आवडत नाही.

परिसरावर याचा परिणाम झाल्याशिवाय राहिला नाही. आमच्या पाहणीनुसार खाडीकाठच्या दर दहा बंगल्यांपैकी तीनांत आता माणसे राहत नाहीत. उरलेल्या सातांत राहतात, पण मागच्या बाजूला. यावर लोक हसतात, आणि हसणाऱ्यांत शिकलेल्यांचे प्रमाण लक्षणीय आहे.

वाचकांचेही हसून झाले असेल, तर त्यांनी एक करावे. उठून आपल्या हॉलमधल्या काचेच्या कपाटापाशी जावे. आत सोनेरी काठाच्या कपबश्यांचा सेट असेल, लग्नात आलेला. त्यातल्या कपातून शेवटचा चहा कोणी प्याला, ते आठवून पाहावे. आठवणार नाही, कारण तुम्ही चहा कान तुटलेल्या कपातूनच पिता. त्या सेटसाठी तुम्ही कपाट घेतलेत, कपाटासाठी भिंत अडवलीत, आणि घरातल्या कितीतरी मुलांच्या हातावर त्यापायी चापट्या मारल्यात. महादूशेठांना नावे ठेवण्याआधी एवढे ध्यानात घ्यावे, की त्यांचे मासे निदान हलतात.